प्रश्न तुमचे : जाहिराती वाढवल्या आणि खेळणारे गळायला लागले

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि माझा मित्र, दोघांनी मिळून अँड्रॉइडवर मराठी शब्दकोड्यांचा गेम केलाय, गेल्या दिवाळीत टाकला. आधी नुसता खाली बॅनर होता, त्यात महिन्याचा चहासुद्धा सुटत नव्हता, म्हणून फेब्रुवारीत प्रत्येक लेव्हल संपली की फुल स्क्रीन जाहिरात टाकली. पहिल्या आठवड्यात कमाई जवळपास दुप्पट! आता मे उजाडलाय, डाऊनलोड तेवढेच येतायत पण कमाई परत घसरलीये, आणि रिव्ह्यूमध्ये एकाने लिहिलंय, 'जाहिरातींचा गेम आहे, मधेमधे शब्द येतात'. मित्र म्हणतो अजून एक जाहिरात वाढवू, मी म्हणतो सगळ्या काढून टाकू. कोण बरोबर?
– शब्दवेडा, सांगली

उत्तर : दोघंही चुकताय, मित्र जरा जास्त. आणि तो रिव्ह्यूवाला माणूस जपा, त्याला लिहिता येतं.

बघा, फेब्रुवारीत तुमच्याकडे तीन महिने खेळून सवय लागलेली माणसं होती, त्यांच्यापुढे तुम्ही एकदम जाहिराती ओतल्या, त्यांनी सवयीपोटी सहन केल्या आणि पैसे वाढले. सवयीची माणसं एका दिवसात जात नाहीत हो, आधी रोजचं दोन दिवसाआड होतं, मग फक्त रविवारी, मग कधीतरी फोनमध्ये जागा कमी पडते आणि पहिला तुमचाच गेम उडतो. नवीन आलेला तर तिसऱ्या लेव्हललाच वैतागतो. म्हणजे येणारे तेवढेच, जाणारे वाढलेत. गेमवाले यासाठी डी-१, डी-७, डी-३० बघतात : आज आलेल्या १०० जणांपैकी उद्या किती जण परत उघडतात, आठवड्याने किती, महिन्याने किती. तुमच्या पत्रात कमाई आहे, डाऊनलोड आहे, हे तीन आकडे कुठेच नाहीत, आणि खरा आजार तिथेच दिसला असता.

जाहिरातीचा तोटा उशिरा दिसतो हे मी मनाने सांगत नाहीये. पँडोरा नावाच्या अमेरिकेतल्या इंटरनेट रेडिओवर जून २०१४ पासून २१ महिने एक मोठा प्रयोग चालला, साधारण साडेतीन कोटी श्रोते, त्यांचे गट पाडले, कुणाला तासाला कमी जाहिराती, कुणाला जास्त, आणि आपण कुठल्या गटात हे श्रोत्याला माहीतच नाही. निघालं काय, तर तासाला एक जाहिरात वाढली की ऐकण्याचा वेळ साधारण २ टक्क्यांनी घटतो. तुम्ही म्हणाल दोनच टक्के? पण गंमत आकड्यात नाही, वेळात आहे. हा फरक पहिल्या महिन्यात जेमतेम दिसत होता, मग महिन्यामागून महिना वाढत गेला, वर्ष उलटलं तरी वाढत होता. महिनाभरात प्रयोग गुंडाळला असता तर तेही तुमच्या मित्रासारखंच म्हणाले असते, काही होत नाही, टाका अजून एक. (काही जण वैतागून पैसे भरून बिनजाहिरातीच्या सेवेत गेले, हा मात्र कंपनीचा फायदा. तुमच्या गेममध्ये तशी सोय आहे का?)

गूगलच्या लोकांनी २०१५ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं. भंगार जाहिराती सारख्या समोर आल्या की माणूस जाहिरातींकडे बघायचंच बंद करतो, चांगल्याकडेसुद्धा. त्यांनी मोबाईल सर्चवरच्या जाहिराती निम्म्यावर आणल्या आणि तरी लांबच्या हिशोबात कमाईला धक्का लागला नाही. म्हणजे तुमचं 'सगळ्या काढून टाकू' पण नको, सगळ्या काढून सर्व्हरचं बिल कोण भरणार, तुमचे वडील?

आता करायचं काय. माझ्या मते किती जाहिराती यापेक्षा कधी आणि कुठे याने जास्त फरक पडतो. नवीन माणसाला पहिले दोन दिवस फुल स्क्रीन दाखवूच नका, त्याला आधी कोडं आवडू दे. नंतरही लेव्हल मोजून नाही, घड्याळ बघून दाखवा, कारण तुमच्या सुरुवातीच्या लेव्हल ४० सेकंदात सुटत असणार, म्हणजे माणूस खेळतो ४० सेकंद आणि जाहिरात बघतो ३०, हा कुठला व्यवहार? दोन जाहिरातींमध्ये किमान चार मिनिटं जाऊ द्या. आणि लेव्हल सुरू होताना चुकूनही नको, गूगल प्लेने सप्टेंबर २०२२ च्या शेवटापासून तसल्या जाहिरातींना मनाई केलीये, १५ सेकंदांनंतरही बंद करता येत नाही अशी फुल स्क्रीन जाहिरातपण चालत नाही.

खरी कमाई तुमच्या गेममध्ये दुसरीकडे लपलीये. शब्दकोड्यात माणूस अडतो. पाच अक्षरी शब्द, तीन अक्षरं सापडली, दोन सापडेनात, डोकं खाजवतोय. तिथे बटण द्या : 'जाहिरात बघा, एक अक्षर मिळवा'. याला रिवॉर्डेड म्हणतात. बघणारा स्वतः मागून बघतो म्हणून शिव्या देत नाही, पूर्ण बघतो म्हणून बॅनरपेक्षा दर कितीतरी चांगला मिळतो, आणि मुख्य म्हणजे जो अडून गेम सोडणार होता तो पुढे जातो. जाहिरातीने माणूस टिकतो असं मी पाहिलेलं हे जवळपास एकच ठिकाण. फक्त एक मोह टाळा, बटण दाबावं म्हणून मुद्दाम कोडी अवघड करू नका, मराठी माणूस असलं लगेच ओळखतो आणि मग दोन पानी रिव्ह्यू लिहितो.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. गेममध्ये येणाऱ्या फुल स्क्रीन जाहिराती बऱ्याचदा दुसऱ्या गेमच्याच असतात. म्हणजे तुमच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला तुम्हीच समोरच्या दुकानाची पाटी दाखवताय आणि त्याचे पैसे घेताय. अ‍ॅडमॉबमध्ये (गेममध्ये जाहिराती पुरवणारी गूगलची सेवा) ठरावीक प्रकारच्या जाहिराती बंद करता येतात, निदान शब्दांच्या गेमच्या जाहिराती दिसल्या तर तेवढ्या तरी अडवा. दर थोडा पडेल, पडू दे.

आणि मित्राशी भांडू नका, मोजा. फायरबेस या गूगलच्या सेवेत खेळणाऱ्यांचे दोन गट करता येतात, एकाला आत्ताच्यासारखं ठेवा, दुसऱ्याला वर सांगितलं तसं, आणि निकाल आठवड्याने नाही, दोन-तीन महिन्यांनी बघा. तोसुद्धा रोजच्या कमाईवर नाही, तर एका माणसाने आल्यापासून जाईपर्यंत एकूण किती मिळवून दिले यावर.

प्रश्न : माझी रेसिपीची वेबसाइट आहे. लोक गूगलवरून येतात आणि लगेच जातात, परत येत नाहीत. जाहिराती ऑटोवर ठेवल्यात, म्हणजे कुठे लावायच्या ते गूगलच ठरवतं. त्यांच्यामुळे होतंय का?
– नाशिकच्या एक वाचक

उत्तर : थोडं त्यांच्यामुळे, सगळं नाही. साबुदाणा किती वेळ भिजवायचा एवढंच बघायला आलेली बाई दहा सेकंदात जाणारच, तिचं काम झालं, तो तुमचा विजय समजा. पण ती परत आली नाही तर कारण बघायला हवं. तुमची साइट फोनवर उघडा, हात पिठाचा असताना, एका बोटाने. माझी खात्री आहे की साहित्य वाचताना मधेच जाहिरात लोड होते, सगळं खाली सरकतं आणि बोट भलतीकडे पडतं. गूगल या सरकण्याला गुण देतं, सीएलएस म्हणतात त्याला, ०.१ च्या आत हवा. उपाय सोपा आहे, जाहिरात यायच्या आधीच तिची उंची राखून ठेवा, म्हणजे मजकूर हलत नाही. ऑटो बंद करा, साहित्य आणि कृती यांच्या मधे काही नको, कृती संपल्यावर लावा. आल्याआल्या अख्खा पडदा झाकणारा पॉपअप असेल तर तो आजच काढा, मोबाईलवर तसलं करणाऱ्या पानांना गूगल जानेवारी २०१७ पासून सर्चमध्ये मागे टाकू शकतं. पॉपअपचा कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन यांनी स्वतः २०१४ मध्ये जाहीर माफी मागितलीये, तुम्ही कशाला ते पुढे चालवताय!

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची, फोनवर पत्त्यांचा गेम खेळते. जाहिरातीवरची फुली दाबली की भलतंच काहीतरी डाऊनलोड होतं. तिने आता खेळणंच सोडलंय.
– चिंचवड

उत्तर : ती फुली खोटी असते, जाहिरातीच्या चित्रातच काढलेली, खरी कोपऱ्यात बारीक आणि उशिरा येते. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केलीये, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. तोवर आईला एकटीने खेळायचा, इंटरनेटशिवाय चालणारा पत्त्यांचा गेम घेऊन द्या, आणि जाहिराती काढायचे एकरकमी पैसे मागत असतील तर भरून टाका. आईला किंमत सांगू नका, नाहीतर ती तोही खेळणार नाही.