एकच कुत्रा, दोन आठवणी

स्टुटगार्टहून एका आईचं पत्र आलंय. ऑगस्टात मुलं कोथरूडला आजीकडे असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये साडेचार वर्षांच्या धाकट्याच्या पोटरीला कुत्रा चावला. आठ वर्षांची ताई शेजारीच उभी होती. आता डिसेंबरात पुण्याला यायचं म्हटलं की ताई रडते. आजोबांनी जखमेवर बांधलेला रुमाल निळ्या चौकड्यांचा होता, हेसुद्धा तिला आठवतं. आणि ज्याला चावला तो खुशाल सांगतो, कुत्रा काळाकुट्ट होता. होता तांबडा. ‘मग हिने मनाला लावून घेतलंय आणि हा विसरलाय, असं समजायचं का?’

नाही. धाकट्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा जबडा होता, रंग बघायला सवड कुठली? ती रिकामी जागा नंतर कुणाच्या तरी बोलण्यातून भरली असेल. तरी रेबीजची पाच इंजेक्शनं, महिनाभरात घेतलेली, तो सहजी विसरायचा नाही. ताईकडे शब्द जास्त, त्यामुळे तिची गोष्ट सलग. शिवाय कुणी घाबरलं की सगळं टिपतं, कुणी एकाच गोष्टीला चिकटतं. तो पिंडाचा भाग.

माझी आई आणि मावशी पानशेतच्या पुरातल्या, १२ जुलै १९६१ च्या. आई नऊ वर्षांची, मावशी पाचची. आई अजून पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं ते बोटाने दाखवते. मावशीला पाणी आठवतच नाही, आठवतो तो नंतरचा कुजलेल्या धान्याचा वास. साठ वर्षं दोघी एकमेकींना खोटं पाडतायत.

फ्लोरिडात १९९२ साली अँड्र्यू चक्रीवादळ आलं, तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलांशी मानसशास्त्रज्ञ रॉबिन फिवुश आणि सहकाऱ्यांनी काही महिन्यांत आणि पुन्हा सहा वर्षांनी बातचीत केली. ज्यांना सर्वांत जास्त झळ बसली, ती मुलं सुरुवातीला मध्यम झळ बसलेल्यांपेक्षा कमी बोलली. सहा वर्षांनी सगळ्यांनीच आधीपेक्षा कितीतरी जास्त सांगितलं, फक्त जास्त झळ बसलेल्यांना पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. म्हणजे आज गप्प आहे तो विसरलाय, असा हिशेब मांडू नका.

गेल गुडमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मूत्राशयात नळी घालून होणाऱ्या तपासणीतून गेलेल्या मुलांचा अभ्यास केला. ज्यांच्या आयांनी नंतर मायेने बोलून काय झालं ते समजावलं, त्यांच्या सांगण्यात चुका कमी होत्या. तेव्हा ‘झालं गेलं, विषय नको’ हे आपलं लाडकं औषध इथे लागू पडत नाही. त्याहून वाईट म्हणजे व्हिडिओ कॉलवर आजीचं ‘कसा भोकाड पसरलं होतंस रे!’ आणि मागून सगळ्यांचं हसणं. आजीला मायेनेच, पण स्पष्ट सांगा.

विचारताना ‘कुत्रा तांबडा होता ना?’ असं तोंडात घालू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा आणि थांबा. रंग चुकला तर चुकू द्या.

आणि विचारा मराठीत. रशियन-इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांवरच्या २००० सालच्या एका अभ्यासात, प्रसंग ज्या भाषेत घडला त्याच भाषेत विचारल्यावर तो जास्त आठवत होता. तुमच्या मुलांचा ऑगस्ट मराठीत घडलाय: ‘हाड हाड’, ‘अगं बाई’, ‘रिक्षा थांबव रे’. किंडरगार्टनच्या बाईंपुढे तो जर्मनमध्ये दोन वाक्यांत उरकत असेल, तर ते दोन वाक्यांचंच दुखणं आहे असं नव्हे.

ताईची झोप उडाली असेल, भूक मेली असेल, तर मात्र तिकडच्या बालमानसतज्ज्ञांना दाखवाच.

एक गोष्ट पत्र दोनदा वाचल्यावर खटकली. धाकट्याला कुणी उचललं, जखम साबणाने कुणी धुतली, रिक्षात कोण कोण बसलं, सगळं तुम्ही लिहिलंय. रिक्षा निघून गेल्यावर पार्किंगमध्ये ताई कुणाजवळ होती, ते तीन पानांत कुठेच नाही.