वाचकांचे प्रश्न : हॉस्पिसची पारख कशी करावी?

प्रश्न : माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि तो यकृतापर्यंत पसरला आहे. केमोथेरपीचा यापुढे उपयोग होणार नाही, आता त्रास कमी ठेवण्याकडे लक्ष द्यावे, असे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्टपणे सांगितले. आम्ही दोन हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरच्या काळात काळजी घेणाऱ्या संस्था, पाहून आलो. एकाची इमारत प्रशस्त आहे, सभोवती बाग आहे, माहितीपत्रकही देखणे आहे. दुसरे जुने आणि साधे आहे, पण तिथल्या परिचारिकेने बाबांविषयी बराच वेळ विचारपूस केली. रुग्णाला घरच्या माणसासारखे जपतो, असे दोन्हीकडे सांगण्यात आले. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या आमच्यासारख्यांनी पारख कशावरून करावी? त्यातच माझ्या धाकट्या भावाला वाटते की, हॉस्पिसमध्ये ठेवणे म्हणजे बाबांवरचे उपचार सोडून देणे होय.

उत्तर : तुमच्या भावाच्या मनातली शंका आधी घेते, कारण ती मनात ठेवून कोणतीही संस्था निवडली तरी तो निर्णय त्याला टोचत राहील. त्रास कमी करणे हाही उपचारच आहे आणि तो कौशल्याचा उपचार आहे. फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांना कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच उपशामक सेवा, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारी सेवा, देण्यात आली, तर बाकीच्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. उपशामक सेवा मिळालेल्यांना नैराश्य कमी आले, शेवटच्या काळात त्यांच्यावर जड उपचारांचा मारा कमी झाला आणि तरीही त्यांच्या आयुर्मानाचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने होता. दुसऱ्या गटात तो ८.९ महिने होता. तुमच्या वडिलांचा आजार वेगळा आहे आणि त्याची अवस्थाही वेगळी आहे, त्यामुळे हे आकडे त्यांना लागू करू नयेत. परंतु त्रासाकडे लक्ष देणे म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे, ही समजूत निराधार आहे एवढे या अभ्यासावरून भावाला नक्की सांगता येईल.

आता पारख कशी करावी, याकडे वळते. माझ्या मते एकच प्रश्न सर्वांत जास्त कळवून जातो, आणि तो दोन्ही ठिकाणी त्याच शब्दांत विचारावा : 'रात्री दोन वाजता बाबांना असह्य दुखू लागले, तर तुमच्याकडे नेमके काय घडेल?' या प्रश्नाचे उत्तर तपशिलात यायला हवे. त्या वेळी वॉर्डात प्रशिक्षित परिचारिका जागी असते का, तिच्याकडे किती रुग्ण असतात, अचानक उसळणाऱ्या वेदनेसाठीचा जादा डोस डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेला असतो का, ते औषध कपाटात असते की सकाळी मागवावे लागते, ज्या कपाटात ते असते त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते, आणि डोस दिल्यानंतर तासाभरात कोणी पुन्हा येऊन 'आता कसे वाटते' असे विचारते का, हे सगळे त्यांना अडखळल्याशिवाय सांगता आले पाहिजे. 'काळजी करू नका, आम्ही बघून घेऊ' हे उत्तर कितीही मायेने दिलेले असले तरी पुरेसे नाही. सेवा घरी येऊन दिली जाणार असेल, तर हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो : रात्री फोन कोण उचलतो, तो माणूस रुग्णाची माहिती असलेला असतो का, आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष यायला त्यांना किती वेळ लागतो?

वेदनेबाबत आणखी खोलात जाण्याचे कारण असे की, स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातून पाठीकडे जाणारी वेदना अनेकदा फार तीव्र असते. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी १९८६ मध्ये जी पद्धत सांगितली, तिचे मूळ तत्त्व आजही कायम आहे : शक्य असेल तोवर औषध तोंडावाटे द्यावे आणि ते घड्याळाप्रमाणे द्यावे, म्हणजे वेदना डोके वर काढेपर्यंत थांबू नये. झटपट काम करणारे मॉर्फिन साधारणपणे दर चार तासांनी देतात ते याचसाठी. 'दुखले की सांगा, मग देऊ' एवढीच पद्धत असणारी संस्था या कसोटीवर उतरत नाही. मॉर्फिन सुरू करताना बद्धकोष्ठतेचे औषध त्याच दिवशी सुरू होते का, हेही विचारून पाहा. हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण मॉर्फिनमुळे होणारी बद्धकोष्ठता आपोआप सरत नाही आणि रुग्णाला ती वेदनेइतकीच हैराण करू शकते, म्हणून जाणकार माणसे ती होण्याची वाट पाहत नाहीत. तसेच पोटाच्या मागच्या बाजूला असलेल्या मज्जातंतूंच्या जाळ्याजवळ इंजेक्शन देऊन ही वेदना कमी करता येते. ते हॉस्पिसमध्ये करण्याची सोय नसेल, तर योग्य वेळी बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवतात का, हे समजून घ्या. आपल्या मर्यादा ओळखून बाहेरची मदत घेणारी संस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते.

त्रासाची मोजदाद ते कशी ठेवतात, हेही पाहावे. वेदना, थकवा, मळमळ, धाप, चिंता, झोपाळूपणा अशा प्रत्येक तक्रारीला रुग्णाने स्वतः शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायचा, अशी एक सोपी पद्धत कित्येक वर्षांपासून वापरात आहे. पद्धत हीच असावी असा आग्रह नाही, परंतु काल किती दुखत होते आणि आज किती दुखते हे कागदावर नसेल, तर पाळी बदलल्यावर आलेल्या परिचारिकेला औषध वाढवायचे की नाही हे कळणार कसे?

साध्या हॉस्पिसमधल्या परिचारिकेने बाबांविषयी पुष्कळ विचारले, असे तुम्ही लिहिले आहे, आणि ही गोष्ट तुमच्या लक्षात राहिली याचा मला आनंद वाटतो. आधुनिक हॉस्पिस चळवळीचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाच्या वाटेवरल्या माणसाची वेदना शारीरिक असते तशीच मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिकही असते, आणि यांपैकी एकीकडे दुर्लक्ष झाले तर दुसरी आटोक्यात येत नाही, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. म्हणून बाबांना कशाची भीती वाटते, कोणाला भेटायचे राहिले आहे, आजाराबद्दल त्यांना किती माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे, असे प्रश्न विचारणारी संस्था योग्य दिशेने चालली आहे असे मानायला हरकत नाही. मात्र हा पुरावा अर्धाच आहे. प्रेमळ विचारपूस करणाऱ्या ठिकाणी मॉर्फिनच उपलब्ध नसेल, तर त्या प्रेमाने बाबांची रात्र सुखाची होणार नाही. उलट, बाग आणि प्रशस्त खोल्या हा काही दोष नव्हे; रुग्णाच्या खिडकीतून झाड दिसावे, हे मलाही हवेसे वाटते. फक्त त्या बागेवरून वेदनाशमनाचा अंदाज बांधू नये.

भेटीच्या वेळी इमारतीपेक्षा खाटेवरच्या रुग्णांकडे पाहा, अर्थात त्यांच्या खासगीपणाचा मान राखून. ओठ कोरडे पडून चिरलेले आहेत की ओलसर आहेत, बोलावण्याची घंटा हाताशी आहे की भिंतीवर दूर लटकते आहे, स्वतः हलू न शकणाऱ्यांची कूस ठरावीक वेळाने बदलली जाते का आणि त्याची नोंद होते का, एवढे पाहिले तरी शुश्रूषेचा दर्जा लक्षात येतो. पुन्हा एकदा, न कळवता, संध्याकाळी उशिरा जाऊन या. अशा भेटीला संस्थेची ना असेल, तर त्यामागचे कारण विचारावे.

शेवटच्या दोन-चार दिवसांबद्दल विचारायला जीभ रेटत नाही, हे मी जाणते, तरीही विचारा. गिळता येईनासे झाल्यावर औषध कसे देतात? त्वचेखाली बारीक सुई ठेवून लहान पंपातून औषधे देण्याची सोय आहे का? अस्वस्थता, भ्रम आणि घशातली घरघर यांवरची औषधे आधीच आणून ठेवतात का? आणि ही लक्षणे दिसण्याआधीच कुटुंबाला ती समजावून सांगितलेली असतात का? अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत हॉस्पिसच्या गुणवत्तेचे जे निकष जाहीर होतात, त्यांतला एक निकष असा आहे की, आयुष्याच्या अखेरच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवशी परिचारिका किंवा वैद्यकीय समाजसेवक रुग्णाकडे प्रत्यक्ष आला होता का. हा निकष मला फार समंजस वाटतो, कारण कुटुंब सर्वाधिक घाबरलेले असते ते याच दिवसांत.

मान्यतापत्रे आणि छापील कार्यपद्धती अवश्य पाहाव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. ब्रिटनमध्ये अखेरच्या दिवसांतील काळजीसाठी लिव्हरपूल केअर पाथवे नावाची कार्यपद्धती अनेक रुग्णालयांत वापरली जात होती. ती तयार करण्यामागचा हेतू चांगला होता. परंतु काही ठिकाणी कुटुंबाशी न बोलताच ती लागू झाली, तक्ते भरण्यालाच काळजी समजले गेले, तक्रारी वाढल्या आणि २०१३ मधल्या स्वतंत्र चौकशीच्या शिफारशीनुसार २०१४ मध्ये ती मागे घेण्यात आली. तेव्हा कागद पाहून झाला की, 'या पद्धतीनुसार एखादा बदल करण्यापूर्वी तुमच्यापैकी कोण आणि केव्हा आमच्याशी बोलेल?' असे विचारायचे.

प्रश्न : माझ्या पत्नीला हॉस्पिसमध्ये मॉर्फिन सुरू करायचे आहे. मॉर्फिनने माणूस लवकर जातो, त्याची सवय लागते, असे नातेवाईक सांगतात. हे खरे असेल तर मॉर्फिन देणाऱ्या हॉस्पिसला चांगले कसे म्हणावे?

उत्तर : वेदनेच्या प्रमाणात, थोडक्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलेले मॉर्फिन मृत्यू ओढवून आणते, असे आढळलेले नाही. पुष्कळदा मॉर्फिन अगदी अखेरीस सुरू होते आणि त्यानंतर काही दिवसांत रुग्ण जातो, म्हणून पाहणाऱ्याला औषध कारण वाटते. खरे कारण आजार असतो. औषध एकाएकी बंद केल्यास शरीर कुरकुर करते हे खरे, म्हणून ते कमी करायचे झाल्यास टप्प्याटप्प्याने करतात. व्यसनातली ओढ ही वेगळी गोष्ट आहे, आणि ज्यांना पूर्वी व्यसन होते अशा रुग्णांबाबत डॉक्टर अधिक जपून चालतात. तसे काही असेल तर ते लपवू नका. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पहिला डोस किती, तो कशाच्या आधारावर वाढवणार आणि पत्नीच्या मूत्रपिंडाची तपासणी केव्हा झाली होती (मूत्रपिंडे मंदावली की मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात), हे डॉक्टरांनी तुम्हाला न वैतागता सांगितले पाहिजे.

प्रश्न : माझी आई तीन आठवड्यांपासून एका हॉस्पिसमध्ये आहे. गेले काही दिवस ती सतत गुंगीत असते आणि तिचे हात मधूनच झटकतात. 'आजार वाढला आहे' एवढेच उत्तर मिळते. आम्ही तिला दुसरीकडे हलवावे का?

उत्तर : हलवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एक बैठक मागा, आणि ती आजच मागा. मॉर्फिनचा डोस वाढवल्यावर दोन-तीन दिवस गुंगी येणे स्वाभाविक असते, परंतु ती टिकून राहत असेल आणि हातापायांना झटके येत असतील, तर औषधाचे अंश शरीरात साचत आहेत का, याचा विचार व्हायलाच हवा. मूत्रपिंडे मंदावली की तसे घडते आणि डोस कमी करून किंवा औषध बदलून त्यावर अनेकदा उपाय होतो. रक्तातले कॅल्शियम वाढणे, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे यांनीही माणूस भ्रमिष्ट किंवा झोपाळू होऊ शकतो. आई खरोखरच अखेरच्या दिवसांत असेल, तर यांतल्या प्रत्येक कारणाच्या मागे सुया टोचत धावणे योग्य ठरणार नाही, आणि चांगले डॉक्टर तसे स्पष्ट सांगतीलही. मात्र कारणांचा विचार केला होता आणि या कारणासाठी तपासणी केली नाही, असे सांगणे वेगळे आणि 'आजार वाढला' म्हणून निघून जाणे वेगळे. बैठकीला डॉक्टर आणि आईची रोजची परिचारिका दोघेही असावेत. गुंगी कोणत्या दिवशी सुरू झाली, त्याआधी कोणते औषध बदलले होते, झटके केव्हा येतात, हे लिहून न्या, आणि गुंगीत जाण्याआधी आईने स्वतःच्या उपचारांबद्दल जे काही बोलून ठेवले असेल तेही सांगा.

बैठकीनंतर औषधांत बदल झाला किंवा न करण्याचे पटणारे कारण मिळाले, तर आईला तिथेच राहू द्या, कारण या अवस्थेत प्रवासाचा त्रास मोठा असतो आणि तिला ओळखणारी माणसे पुन्हा नव्याने मिळवावी लागतात. टाळाटाळ चालूच राहिली, तर दुसऱ्या संस्थेच्या उपशामक सेवेतील डॉक्टरांचे मत घ्या. शक्य असेल तर त्यांनीच येऊन आईला पाहावे. त्यांनी हलवण्याचा सल्ला दिला तरच हलवा, आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी वेदनेचा डोस दिला जाईल, सध्याच्या औषधांची पूर्ण यादी सोबत असेल आणि नव्या ठिकाणी ती औषधे त्याच दिवशी तयार असतील, याची खात्री दोन्हीकडच्या परिचारिकांशी स्वतः बोलून करून घ्या.