नासाच्या फर्म्स या, उपग्रहांनी टिपलेल्या आगी दाखवणाऱ्या ऑनलाइन नकाशावर लाल ठिपका दिसला म्हणजे आग नेमकी तिथेच आहे असं समजायचं का? आणि वणवा विझवताना त्याचा उपयोग किती?

आग त्या ठिपक्याच्या आसपास आहे, एवढंच समजायचं. ठिपका पिक्सेलच्या, म्हणजे उपग्रहचित्रातल्या एका चौकोनाच्या, मध्यावर काढलेला असतो. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस सेन्सरचा पिक्सेल साधारण ३७५ मीटरचा, मोडिस या दुसऱ्या सेन्सरचा १ किलोमीटरचा, आणि चित्राच्या कडेला तो आणखी पसरतो. आग ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्यावरून कळत नाही, आणि विझवायला निघालेल्या पथकाला तर तेच हवं असतं.

हे सेन्सर मुख्यतः ४ मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीत धग मोजतात. पेटलेली जमीन तिथे इतकी प्रखर असते की पिक्सेलचा लहानसा कोपरा जळत असला तरी अख्खा पिक्सेल उठून दिसतो. त्यामुळे छोट्या आगीही सापडतात आणि कधी कधी तापलेलं पत्र्याचं छप्पर किंवा वीटभट्टीसुद्धा! उलट ढगाखालची किंवा दाट झाडीखाली पाचोळ्यातून सरपटत जाणारी आग सहज निसटते. नकाशा कोरा आहे म्हणून जंगल सुरक्षित, असं मी कधीच धरत नाही.

वेळेचं गणित तर आणखी नडतं. व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात, पुढे माहिती नकाशावर यायला तीनेक तास लागू शकतात. दुपारी चारला पेटलेला वणवा त्यांच्या ठिपक्यांत उमटेपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते. हिमावारीसारखा भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर सतत नजर ठेवणारा, उपग्रह दर १० मिनिटांनी चित्र देतो, पण त्याचा इन्फ्रारेड पिक्सेल २ किलोमीटरचा. लवकर हवं की नेमकं हवं, यातलं एकच मिळतं. म्हणून टेहळणी मनोऱ्यावरचा माणूस आजही लागतोच.

ठिपका आला की मी आधी संगणकावरच्या नकाशात त्याखाली उताराचा थर लावतो. आग चढावर पळते. ठोकताळा असा की चढ १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. त्यावर वाऱ्याची दिशा, वाळलेलं गवत, गाडीरस्ते, पाणवठे आणि जाळरेषा (आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे) टाकल्या की माणसं कुठे उभी करायची आणि कुठे अजिबात पाठवायची नाहीत, हे बरंचसं ठरतं. खरं काम या थरांचं आहे, आणि ते उन्हाळ्याआधीच तयार हवेत. ऐन वणव्यात रस्त्यांचा नकाशा शोधत बसायला कुणाला वेळ असतो?

आग विझल्यावर किती जळलं ते पाहायला सेंटिनेल-२ किंवा लँडसॅट या उपग्रहांची चित्रं. हिरवं पान निअर इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं; जळलं की तो घटतो आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड वाढतो. या दोन्हींवरून काढलेला एनबीआर निर्देशांक आगीआधी आणि आगीनंतर किती बदलला ते पाहिलं की कुठे नुसतं गवत गेलं आणि कुठे झाडं मुळापासून गेली, याचा बराच अंदाज येतो. तीव्र जळलेले उतार पहिल्या जोरदार पावसात वाहून जाण्याचा धोका असतो, तेव्हा बांधबंदिस्ती तिथे आधी. पानगळीच्या जंगलात मात्र दोन्ही चित्रं जवळच्या तारखांची किंवा निदान एकाच ऋतूतली घ्या, नाहीतर नुसती पानं गळालेला डोंगरही जळालेला दिसेल.

आणि हो, फर्म्समध्ये ठिपक्यावर क्लिक केलं की नोंदीची वेळ आणि खात्रीची पातळी दिसते. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, स्थानिक वेळेत बदलून वाचा.