‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ची टीव्हीवरची कोणती आवृत्ती मूळ कादंबरीला सर्वांत जवळची आहे?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: “मला तरी बीबीसीच्या ‘शेरलॉक’मधलं रूप जास्त पटतं, कारण तिथे भुताटकीला नीट वैज्ञानिक कारण दिलंय.” ही ओळ नसती तर मी एका वाक्यात सुटले असते. ब्रिटनच्या ग्रॅनाडा टीव्हीची १९८८ची आवृत्ती, जेरेमी ब्रेट होम्स आणि एडवर्ड हार्डविक वॉटसन असलेली, मूळ कादंबरीला सगळ्यांत जवळची आहे. झालं. आता त्या ओळीबद्दल.

(शेवट फुटणार आहे. कॉनन डॉयलची ही कादंबरी १९०१-०२ साली स्ट्रँड मासिकात क्रमशः आली. एवढ्या वर्षांत वाचली नसेल तर माझा नाइलाज आहे.)

माझं आजोळ गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या पुढे. १९९४च्या चतुर्थीला मी तेरा वर्षांची होते आणि मुखपृष्ठ फाटलेला ‘बास्करव्हिल’चा मराठी अनुवाद वाचत होते. घरी बोलायचं कोंकणी आणि वाचायचं मराठी, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. वीज गेलेली होती. चतुर्थीच्या आधी दोन दिवस वीज गेली नाही असं तेव्हा सत्तरीत कधी झालं असेल तर मला आठवत नाही.

मामा माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांचं, सामान आणायला रानात गेला होता. कांगल्या, कवंडळं, असलं काय काय बाजारात विकत मिळतं, पण मामाला ते विकतचं चालत नसे. दिवेलागण टळली, आरती म्हणून झाली, तरी तो आला नाही. आला तेव्हा अंगभर चिखल, पाय मुरगळलेला आणि हात रिकामे. व्हाळाजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, त्याची बॅटरी विझली होती. अंधारात चार पावलं टाकली तर वाटेच्या कडेला पुरुषभर उंचीचा हिरवट उजेड उभा. हातात काठी. मामाने खांद्यावरचं ओझं तिथेच टाकलं आणि धावत सुटला, तो कुळागराच्या, म्हणजे माडापोफळीच्या बागेच्या, बांधावरून खाली.

आजीने काहीही विचारलं नाही. राखणदार दिसला, त्यात विचारायचं काय? देवचार गावाची शीव राखतो, रात्री फिरतो, त्याच्या वाटेत आपण आलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर रोट आणि विडी पोचवायची असं तिने ठरवूनही टाकलं. माझा मावसभाऊ तेव्हा सतरा वर्षांचा, पणजीत कॉलेजात जाणारा. तो सोप्यावर बसून सगळ्यांच्या देखत म्हणाला, “मामा घेऊन आलेला दिसतो.”

श्रावण लागला की चतुर्थी होईपर्यंत मामा सोरो (दारू) सोडाच, मासळीलाही शिवत नसे. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मोठी माणसं हसली. मामा काही बोलला नाही. पाय घेऊन बसला. मला आजही देवचारापेक्षा मामाचं ते गप्प बसणं जास्त आठवतं.

आता कादंबरीकडे या. पहिल्याच भेटीत डॉक्टर मॉर्टिमर होम्सला सांगतो की बास्करव्हिल घराण्यामागे लागलेलं म्हणतात ते भुताचं कुत्रं माळावर तिघांनी पाहिलंय. एक व्यवहारी गावकरी, एक घोड्यांना नाल ठोकणारा आणि एक शेतकरी. त्याने तिघांची उलटतपासणी घेतली, तिघेही तेच सांगतात: प्रचंड, भेसूर, प्रकाशमान. वाचताना आपण मनात म्हणतो, खेडवळ माणसं, घाबरली असतील. आणि शेवटी काय निघतं? कुत्रं खरंच होतं. खरंच प्रचंड होतं. आणि खरंच चकाकत होतं, कारण खुनी स्टेपलटन त्याला फॉस्फरस फासत होता. त्या तिघांनी जे पाहिलं ते अक्षर न अक्षर खरं होतं. चूक होती ती फक्त ‘हे नरकातून आलंय’ एवढ्या एका अर्थात. मला या कादंबरीत सगळ्यांत आवडतं ते हेच. होम्स त्या शेतकऱ्याला वेडा ठरवत नाही.

मी तेरा वर्षांची, डोक्यात हे सगळं ताजं. सकाळी एकटीच व्हाळावर गेले. मामाचं ओझं सापडलं, कवंडळं चिखलात पडलेली. आणि त्याच्या शेजारी एक मेलेला फणस, उभाच्या उभा कुजलेला, एक फांदी काठीसारखी पुढे आलेली. दिवसाउजेडी त्यात काही म्हणता काही नव्हतं. मी त्याचा एक ढलपा काढला, आळवाच्या पानात गुंडाळून घरी आणला आणि कुणाच्या हाताला लागू नये म्हणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवला. रात्री सगळ्यांना बोलावून, कंदील विझवून, ऐटीत पान उघडलं. काळोख. मावसभाऊ म्हणाला, “शेरलॉकबाई, लाकूड आहे ते.” दीड दिवसाचा गणपती पोचवून तो पणजीला निघून गेला, आणि हा किस्सा पुढची वीस वर्षं त्याने प्रत्येक लग्नात सांगितला.

आता बीबीसी. ‘शेरलॉक’चा ‘द हाउंड्स ऑफ बास्करव्हिल’ हा भाग, जानेवारी २०१२. मी तो भाग याच मावसभावाच्या पर्वरीच्या घरी पाहिला, भिंतभर टीव्हीवर. त्यात बास्करव्हिल म्हणजे लष्कराचं संशोधन केंद्र. हेन्री नाइट नावाच्या तरुणाने लहानपणी आपल्या वडिलांना राक्षसी कुत्र्याने मारताना पाहिलंय. आणि रहस्य काय? कुत्रं नव्हतंच. मारणारा माणूस होता, तोंडावर वायूचा मुखवटा, अंगातल्या बनियनवर ‘हाउंड’ अशी अक्षरं, आणि त्या खळग्यातल्या धुक्यात भास घडवणारं औषध. मुलाने जे पाहिलं ते सगळं डोक्यातलं. भाग संपला आणि मावसभाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, “बघ, मी हेच म्हणत होतो. मामा घेऊन आला होता.”

तर साहेब, तुम्ही ज्याला वैज्ञानिक कारण म्हणता ते हे आहे. पाहणाऱ्याला नशा चढली होती, मिटलं. असल्या उत्तराला होम्स कशाला लागतो, त्याला सोप्यावरचा कुठलाही सतरा वर्षांचा मुलगा पुरतो.

दुसरी गोष्ट, आणि ही सगळ्याच आवृत्त्यांना लागू आहे. मूळ कादंबरीत पंधरा प्रकरणं आहेत आणि सहाव्याच्या सुरुवातीला निरोप दिल्यावर अकराव्याच्या अगदी शेवटापर्यंत होम्स समोर येत नाही. वॉटसन एकटा दलदलीच्या काठावर, पत्रं लिहितोय, रोजनिशी लिहितोय, चुकतोय. भीती आहे ती त्यामुळे. टीव्हीवाल्यांची पंचाईत अशी की ज्याच्या नावावर मालिका चालते त्यालाच अर्धा वेळ घरी बसवायचं. बीबीसीने तर यावर विनोदच केलाय. शेरलॉक आधी म्हणतो मी येणार नाही, जॉनला पाठवतो, आणि दुसऱ्या क्षणी म्हणतो, हे मी चुकवणार होय? बरं झालं म्हणा, शेरलॉक झालेला कंबरबॅच बघायलाच लोक बसले होते. ग्रॅनाडाने मात्र हार्डविकला एकटं सोडलंय, म्हणून ती आवृत्ती संथ असूनही माझ्या पहिल्या नंबरावर. कुत्रं त्यातलं अगदीच साधं आहे, तेवढं पोटात घाला.

२००२ची बीबीसीची एक आहे, रिचर्ड रॉक्सबर्गची. तिच्यात कुत्रं संगणकावर केलंय आणि ते आता फार जुनं दिसतं. ‘एलिमेंटरी’ या अमेरिकन मालिकेने चौथ्या हंगामात ही गोष्ट न्यूयॉर्कला नेली. दलदल नसलेली बास्करव्हिल म्हणजे नारळ न घातलेलं हुमण (माशांची आमटी). सोव्हिएत दोन भागांची १९८१ची मात्र शोधून बघा. कॅनडाहून आलेल्या सर हेन्रीला, म्हणजे बास्करव्हिलच्या वारसाला, त्याचा नोकर बॅरीमोर रोज ओटची पेज वाढतो आणि तो वैतागतो, यावरून त्यांनी जो धिंगाणा घातलाय तो पुस्तकात नाही, पण सकाळी पेज बघून तोंड वाकडं करणारा पोरगा आमच्याही घरी आहे.

सर हेन्रीच्या बुटाची चोरी कोण कशी दाखवतो तेही बघा. आधी नवा बूट जातो, मग जुना जातो आणि नवा परत येतो. कुत्र्याला वास हवा, नव्या बुटाला मालकाचा वास कुठला? आमच्याकडे वेताळाला चामड्याच्या वाहाणा देतात आणि त्या फिरून फिरून झिजतात असं म्हणतात, त्यामुळे बुटावर मी जरा जास्तच थांबते.

न्यायाने सांगायला हवं: बीबीसीच्या भागात एक खरं कुत्रंही आहे, खाणावळवाल्यांनी गिऱ्हाइकं यावीत म्हणून सोडलेलं. आणि शेरलॉक स्वतः घाबरून थरथरतो ते दृश्य उत्तम आहे. उलट कॉनन डॉयलचा फॉस्फरस विज्ञानाच्या परीक्षेत नापास होतो. पांढरा फॉस्फरस तोंडाला फासला तर आधी कुत्रंच भाजेल. तेव्हा ‘वैज्ञानिक’ या शब्दावर मी फार ताणत नाही.

पण फणसाचं राहिलंच. पाचव्या रात्री मामा लंगडत माझ्याबरोबर व्हाळावर आला. बॅटरी विझवून आम्ही खूप वेळ नुसते उभे राहिलो. आधी काही नाही, मग डोळे सरावले आणि तो फणस मुळापासून फांदीपर्यंत हिरवा होत गेला. कुजक्या ओल्या लाकडावरची बुरशी ती, हल्ली पावसाळ्यात लोक मुद्दाम ती बघायला रात्री रानात जातात. लाकूड सुकलं की उजेड जातो. आणि मी ढलपा ठेवला होता चुलीवर. मामा म्हणाला, “म्हणजे मी बघितलं ते होतं.” मग त्याने फणसाला हात जोडले. मी काही बोलले नाही.

हे उत्तर मावसभावाच्या नजरेस पडणार, मी स्वतःच पाठवणार आहे. फणस केव्हाच पडला, पण व्हाळावर तसली लाकडं अजून पुष्कळ आहेत. यंदा दीड दिवसावर पळू नकोस. आणि बॅटरी घरी ठेव.