बहीण न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर आहे, नवरा मारतो, पासपोर्टही त्याच्याकडेच. तिला फुकट वकील मिळेल का?

हो, मिळू शकतो. एच-४ हा नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला पत्नीचा व्हिसा असला, तरी वकिलासाठी नवऱ्याची सही किंवा परवानगी लागत नाही. मी इथे अशा बायकांसाठी मराठी-हिंदी दुभाष्याचं काम करते, म्हणून सांगते: १९८५ पासून न्यू जर्सीत काम करणाऱ्या 'मानवी' या दक्षिण आशियाई महिलांच्या संस्थेला तिने आधी फोन करावा. रात्री-अपरात्री घरगुती हिंसाचारासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहेच (१-८००-७९९-७२३३). तिथे इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागता येतो. फोन शक्यतो मैत्रिणीच्या मोबाइलवरून करावा, घरच्या फॅमिली प्लॅनवरून नको.

वकिलाला दोन गोष्टी नक्की विचारायच्या. एक, आय-७६५व्ही हा अर्ज: छळ झालेल्या एच-४ पत्नीला यावर स्वतःचं वर्क परमिट मागता येतं. दुसरी, यू व्हिसा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा व्हिसा. त्यासाठी तपासात मदत केल्याचं पोलिसांचं किंवा सरकारी वकिलांचं प्रमाणपत्र लागतं आणि वर्षाला १०,००० व्हिसांचीच मर्यादा असल्याने रांग फार लांब आहे. मारहाणीचे फोटो, मेसेज, दवाखान्याचे कागद बाहेर कुणाकडे तरी पाठवून ठेवा. तुमच्याकडे भारतात पाठवले तरी चालेल.

एक मात्र लक्षात ठेवा: घटस्फोट झाला की एच-४ दर्जा संपतो. म्हणून वकिलाशी बोलण्याआधी तिने नवऱ्याने पुढे केलेल्या कुठल्याच कागदावर सही करू नये. आणि आत्ता जिवाला धोका असेल तर थेट ९११.