नोकरी सांभाळून, घरबसल्या डिजिटल हेरिटेजचं, म्हणजे जुना ठेवा संगणकावर जतन करण्याचं, पदव्युत्तर शिक्षण घेता येईल का? त्याचा खरंच उपयोग होतो का?

तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहात आणि कपाटात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडून आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग माझं उत्तर 'हो' आहे. हाताशी संग्रह नसता तर एवढ्या ठामपणे म्हटलं नसतं.

मी पुण्यात नोकरी करत एका ब्रिटिश विद्यापीठाचा असा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यात जवळपास प्रत्येक विषयाचा स्वाध्याय 'तुमच्याजवळचा संग्रह घ्या आणि त्यावर काम करा' असाच असायचा. इथे दूर राहून शिकणाऱ्याचा उलट फायदा होतो, कारण कागद तुमच्या कपाटात आहेत, विद्यापीठाच्या नाही.

अनेकांना वाटतं, यात स्कॅनिंग शिकवतात. स्कॅनिंग आठवड्याभरात हातात बसतं. खरं शिक्षण पुढे आहे. मूळ प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात, वाचकांसाठी आकाराने लहान जेपीईजी, किमान एक प्रत दुसऱ्या गावात. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला आकडा, काढून ठेवायचा; तो तिच्या अंगठ्याचा ठसाच. फाइलमधला एक बिट बदलला तरी तो जुळत नाही आणि बिघाड वेळेत कळतो.

सगळ्यात जास्त जीव मेटाडेटात, म्हणजे प्रत्येक कागदाबद्दलच्या माहितीच्या नोंदीत, जातो, आणि तिथेच आपल्या कागदांची गंमत आहे. डब्लिन कोअर या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १५ मूळ रकाने आहेत, त्यातला एक तारखेचा. आता पेशवाईतल्या कागदावर असतं 'इसन्ने सबैन मया व अलफ', म्हणजे सुहूर सन ११७२ (जुन्या दप्तरातली, अरबी अंकनावांनी लिहायची कालगणना). हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं, त्यामुळे महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. इसवी सन १७७१ किंवा १७७२ येतं. नुसतं इसवी सन टाकलं तर मूळ पुरावा पुसला जातो, नुसता सुहूर सन ठेवला तर संगणकाला तारखेचा क्रम लावता येत नाही. दोन्ही नोंदवायचे आणि रूपांतर कसं केलं तेही लिहून ठेवायचं. युनिकोड या संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक पद्धतीत मोडी २०१४ साली आली, पण शोधणारा माणूस देवनागरीतच टाइप करणार, म्हणून बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिप्यंतर जोडल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी मानत नाही.

पर्याय पाहायचे तर स्कॉटलंडचं डंडी विद्यापीठ अभिलेखागाराचे, म्हणजे जुनी कागदपत्रं जपण्याचे, विषय दूरस्थ पद्धतीने शिकवतं. अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स संग्रहालयशास्त्र आणि सांस्कृतिक वारसा व्यवस्थापन ऑनलाइन शिकवतं. खर्च मोठा आहे, तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी आधी करा. सरकारी नोकरीत बढतीसाठी पदवी हवी असेल तर परदेशी पदवी भारतातल्या पदवीच्या बरोबरीची आहे का (समकक्षता), हे ठरवणाऱ्या अधिकृत संस्थेकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय पैसे भरू नका. दूरस्थ परदेशी पदवीला तिथे अडचण येते. त्या कामासाठी इग्नूची ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी जास्त सोयीची.

अर्ज करण्याआधी एक रुमाल उघडा. त्यातल्या थोड्याच कागदांचे फोटो काढा, नोंदी करा, कुठे अडलात ते लिहा. एखाद्या घराण्याच्या वतनाचे किंवा वाटणीचे कागद निघाले तर ते सगळ्यांसाठी खुले करावेत का, हा प्रश्न तेव्हाच पडेल, तोही लिहा. अर्जासोबतच्या निवेदनात हेच द्या. प्रवेश देणाऱ्यांना नेमकं हेच वाचायचं असतं.