कप्तानाला वेळेवर सावध करण्याचे शिक्षण

रत्नागिरीच्या एका पालकांनी लिहिले आहे : “मुलगा बारावी विज्ञानाला आहे आणि मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर (जहाज चालवणारा अधिकारी) होण्याचा त्याचा हट्ट आहे. तो हुशार आहे, पण अबोल. वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडत नाही. जहाजावर हुकूम तर कप्तानाचाच चालतो. मग ब्रिजवरील (जहाज जिथून चालवतात त्या कक्षातील) टीमवर्कचे वेगळे प्रशिक्षण कशासाठी, आणि अशा मुलाचा तिथे निभाव लागेल का?”

स. न.

हुकूम कप्तानाचाच चालतो, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु तो हुकूम चुकत असल्याचे दिसताच कनिष्ठ अधिकाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, यासाठीच हे प्रशिक्षण असते. 13 जानेवारी 2012 च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रवासी जहाज इटलीतील जिल्यो बेटाच्या फार जवळून नेले गेले, खडकावर आदळले आणि 32 माणसे दगावली. ब्रिजवर अधिकारी पुरेसे होते, उपकरणेही होती. तरीही धोका समोर दिसत असताना कप्तानाला कोणी ठामपणे सावध केले नाही, असे अधिकृत चौकशीत आढळले. सुकाणूवरील खलाशाला काही हुकूम नीट कळले नव्हते, हेही त्या चौकशीतून पुढे आले.

म्हणून या प्रशिक्षणात बोलण्याची शिस्तच अंगवळणी पाडली जाते. अधिकाऱ्याने “पोर्ट टेन” (सुकाणू दहा अंश डावीकडे) म्हटले की सुकाणूवरचा माणूस तेच शब्द मोठ्याने उच्चारतो, सुकाणू तेवढे वळले की पुन्हा तसे कळवतो, आणि अधिकारी स्वतः सुकाणूचा कोन दाखवणाऱ्या दर्शकाकडे पाहून खात्री करतो. प्रवासाचा आराखडा बंदर सोडण्यापूर्वीच सर्वांना समजावलेला असतो, कारण जहाज कुठून जायला हवे हे ज्याला ठाऊकच नाही, तो चूक ओळखणार तरी कशी? बंदराचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, जहाजावर आला तरी अधिकाऱ्यांची जबाबदारी संपत नाही. त्यांनी स्वतःच्या नोंदी तपासत राहायचे असते. सराव सिम्युलेटरवर होतो. खऱ्या ब्रिजसारख्या खोलीत पडद्यावर समुद्र दिसतो, प्रशिक्षक मध्येच धुके आणतो, मासेमारीच्या होड्या सोडतो, सुकाणू बंद पाडतो, आणि शेवटी कोण कधी काय बोलले व कोण गप्प राहिले, याची उजळणी घेतो. माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग ही उजळणीच होय.

हा विषय ऐच्छिक नाही. समुद्री प्रशिक्षणाच्या ‘एसटीसीडब्ल्यू’ या आंतरराष्ट्रीय करारात 2010 साली मनिला येथे सुधारणा झाल्या, त्या 1 जानेवारी 2012 पासून लागू झाल्या, आणि वॉच (ब्रिजवरील पहाऱ्याची पाळी) सांभाळणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्यालाही ब्रिजवरील सहकार्याचे कौशल्य सिद्ध करणे अनिवार्य ठरले.

आता आपल्या मुलाविषयी. अबोलपणा हा येथे दोष नाही. रात्रीच्या वॉचवर शांतपणे ऐकणारा आणि पाहणारा माणूस हवाच असतो. मात्र मोठ्यांसमोर गप्प राहण्याचे जे वळण आपण घरात मुलांना लावतो, तेच ब्रिजवर घातक ठरू शकते. “सर, डाव्या बाजूची होडी जवळ येत आहे, आपण वेग कमी करावा असे मला वाटते,” एवढे वाक्य आदर राखूनही बोलता येते. घरातल्या निर्णयांत त्याला मत विचारा, ते कारणासह मांडायला लावा, आणि पटले तर त्याप्रमाणे वागा. इंग्रजी बोलण्याचा सरावही आजपासूनच हवा, कारण जहाजावर निरनिराळ्या देशांची माणसे असतात.

मार्ग असा आहे : आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची) प्रवेश परीक्षा, त्यानंतर एक वर्षाची नॉटिकल सायन्सची पदविका किंवा तीन वर्षांची पदवी, मग कॅडेट (प्रशिक्षणार्थी) म्हणून समुद्रावरील प्रत्यक्ष काम, आणि शेवटी सेकंड मेटची, म्हणजे डेक अधिकाऱ्याच्या पहिल्या प्रमाणपत्राची परीक्षा. संस्थेला डीजी शिपिंगची (केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाची) मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. हमखास नोकरीचे आश्वासन देणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. डेकसाठी दृष्टी आणि रंगओळख यांचे निकष कडक आहेत, तेव्हा कोणतेही शुल्क भरण्यापूर्वी डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून मुलाचे डोळे तपासून घ्या.